रानात जाताना पायांत काय?



मागच्या आठवड्यात कनेरगाव नाक्याच्या थांब्यावर हिंगोलीच्या एस.टी.ची वाट पाहात उभा होतो. शेजारी एक ओळखीचा तरुण शेतकरी येऊन टेकला. काखेत नव्या बुटांचे खोके. 'काय, लग्नसराईची तयारी का?' म्हणून मी सहज विचारले, तर म्हणाला, 'नाही साहेब, जागलीसाठी घेतले.' याचे चार एकर रान डोंगराच्या उताराला. खालच्या पट्ट्यात हळद, वर तूर आणि थोडा हरभरा. अंधार पडला की रानडुकरे उतरतात, कधी रोह्यांचा कळप येतो, म्हणून हा गडी रात्र रात्र बांधावर. कधी डबा वाजवायचा, कधी बॅटरी घेऊन वरच्या धुऱ्यापर्यंत पळायचे आणि तसेच अंधारात खाली यायचे.

बोलता बोलता त्याने चप्पल काढून पाय वर घेतले, तेव्हा माझे लक्ष गेले. दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी पडलेली, एक तर उचलून आलेले. टाचेवर फोड फुटून खपली धरलेली. मी विचारले, हे कशाने? तर म्हणे, आधीच्या बुटाने. आणि खोके उघडून पाहिले तर नवा बूट त्याच घडणीचा, त्याच नंबराचा! जुना फाटला म्हणून नवा घेतला, पण जुना चावत का होता याचा विचार केलाच नव्हता. माझी गाडी आली आणि गेली. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो आणि तासभर बुटावरच बोललो. त्याला जे सांगितले तेच आज तुम्हां सर्वांना सांगतो.

खोक्यावर बंदूकवाल्या शिकाऱ्याचे चित्र होते. घोट्याच्या वर जाणाऱ्या कापडी बुटाला आपल्याकडे 'हंटर' म्हणायची पद्धत पडली आहे. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंद झाली, नाव मात्र बुटाला चिकटून राहिले. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, हे तुम्ही शाळेत वाचले असेल. साहेबलोक डोंगर चढत ते हौसेने. आपली बायामाणसे रोज चढतात आणि उतरतात, डोक्यावर ओझे घेऊन, आणि तेही बहुधा अनवाणी किंवा रबरी सपाता घालून.

आता नखे का काळी पडली ते पाहू. आपण लहानपणापासून अनवाणी चालणारी माणसे. अशा माणसाचा चवडा पसरलेला असतो, बोटे मोकळी फाकलेली असतात. शहरी बुटाचा साचा पुढे निमुळता. दुकानात पाय घातला की चवड्याला आवळते. मग दुकानदार म्हणतो, एक नंबर मोठा घ्या. आपल्याला ते पटते, कारण आवळणे थांबते. पण नंबर वाढला की बूट मुख्यतः लांबीला वाढतो. आपल्याकडच्या बुटांवर बहुधा विलायती पद्धतीचा नंबर असतो, त्यात एका नंबरामागे लांबीत इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर फरक पडतो. रुंदी त्या मानाने थोडीच वाढते. झाले काय, चवडा कसाबसा मावला, पण टाच सैल पडली. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. उतार लागला की सगळे अंग पुढे येते, सैल टाचेमुळे पाय बुटाच्या आत घसरतो आणि प्रत्येक पावलाला अंगठा पुढच्या भिंतीवर आदळतो. रात्रभरात असे हजार दोन हजार ठोके बसल्यावर नख काळे पडणार नाही तर काय होईल? चढताना उलट होते. टाच वरखाली घासते आणि फोड येतो. म्हणजे या गड्याचा बूट लहान नव्हता, मोठा होता. त्याला हे पटायला दोन चहा लागले.

माझेही एकदा असेच झाले आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत पाणलोटाच्या मोजणीला डोंगरावर जायचे होते. आदल्या दिवशी सकाळी सकाळी दुकान उघडताच चामड्याचे बूट घेतले. पायात अगदी चपखल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच बूट पायाला असे आवळू लागले की समपातळी रेषा आखायची सोडून मी दगडावर बसून राहिलो. बरोबरचा मजूर टायरच्या चपलेवर निवांत फिरत होता आणि माझ्याकडे पाहून गालात हसत होता. मी उतरलो तो बूट हातात घेऊन. सकाळी घेतलेला बूट दुपारी का लागतो, याचे कारण साधे आहे. दिवसभर उभे राहिल्याने, चालल्याने आणि उन्हाने पाय थोडा सुजतो. म्हणून बूट घ्यायचा तो दिवस कलल्यावर, बाजार करून पाय दमल्यावर.

घेताना दोन्ही पायांत घालून पाहा. पुष्कळांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, मोठ्या पायाला बसेल तो घ्यावा. जे मोजे रानात घालणार तेच घालून माप घ्या, दुकानदाराच्या पातळ मोज्यावर नको. बसून नको, उभे राहून पाहा, कारण अंगाचा भार पडला की पाऊल लांबते आणि पसरते. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. हे सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असे नाही, काहींचे शेजारचे बोट लांब असते. चवड्याला आवळू नये, बोटे आत हलली पाहिजेत. टाचेने मात्र घट्ट धरले पाहिजे.

आणि आता खरी परीक्षा. दुकानाच्या पायरीवर जा. नाडी नीट बांधून टाच वरच्या पायरीवर आणि चवडा खाली झुकलेला अशा रीतीने उभे राहा, दोनदा जोर द्या. अंगठा पुढे टेकला तर तो बूट डोंगराचा नव्हे. मग तोंड फिरवून चवड्यावर चढा. टाच आतून सुटून वर येत असेल तरीही नको. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, खांदा दाबून पाहतो, तेव्हा कोणी हसते का?

चवडा रुंद असेल तर मोठा नंबर न घेता पुढून रुंद घडणीचा, नाडीचा बूट शोधा. नाडीचा म्हणण्याचे कारण असे की नुसता पाय सरकवायचा बूट उतारावर पाय धरून ठेवू शकत नाही. नाडी बांधण्यातही रीत आहे. चवड्यावर सैल, घोट्यापाशी घट्ट. उतरायला लागण्यापूर्वी एकदा खाली बसून टाच मागे ठोकून घ्यावी आणि वरच्या दोन भोकांची नाडी आवळून बांधावी, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. चढताना तीच थोडी ढिली केली तरी चालते. त्या पोराने हे तिथेच करून पाहिले आणि म्हणाला, 'एवढंच होतं व्हय!' एवढेच नव्हते, पण अर्धे तरी एवढेच होते.

राहिला प्रश्न बूट कशाचा घ्यावा. पायाला घाम फार येतो. तो बाहेर पडला नाही की कातडी भिजून पांढरी आणि मऊ पडते, मग फोड लवकर येतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. चिखल्या नुसत्या चिखलाने होत नाहीत, ओल्या पायावर बुरशी वाढते त्याने होतात. रेक्झिनचा बूट चकचकीत दिसतो, पण हवा घेत नाही. खरे चामडे हवा घेते, आणि जाड कापड त्याहून बरे. चामडे की रेक्झिन हे ओळखायचे तर आतली कच्ची कडा पाहा. चामड्याची कडा तंतूतंतूंची, खरखरीत असते. रेक्झिनला मागून विणलेले कापड चिकटवलेले दिसते.

थंडी-उन्हाळ्यात डोंगरउताराला माझी पसंती घोट्याच्या वर जाणाऱ्या जाड कापडी बुटाला. हलका, वाळायला सोपा, खिशाला परवडणारा. त्याचा एक दोष आहे, बाभळीचा काटा आणि तुरीचे धसकट त्याच्या बगलेतून शिरते. जिथे काटेरी झुडूप फार, तिथे चामडे बरे. तळ पाहताना मऊ रबर पाहा, नखाने दाबले तर किंचित दबले पाहिजे. कडक प्लॅस्टिकचा तळ ओल्या दगडावर साबणासारखा सरकतो. तळाच्या खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब असाव्यात. बारीक दाट खाचांत आपली काळी माती एकदा बसली की तळ गुळगुळीत झालाच म्हणून समजा. बूट हातात घेऊन वाकवून पाहा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध कागदासारखा दुमडला तर परत ठेवा.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. भर पावसात काळ्या रानात कोणताही बूट घातला तरी दहा पावलांत मातीचे ढेकूळ चिकटून पाय मणाचा होतो. त्या वेळी अनवाणी चालणाऱ्याला मी नावे ठेवत नाही, मीही चप्पल हातात घेऊन बांध ओलांडले आहेत. पण जिथे पाणी साचते, गवत माजते, तिथे गमबूट हवाच. गमबूट हवा घेत नाही, म्हणून तो दिवसभर घालायचा नाही. काम झाले की काढा, पाय धुऊन बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करा, दुसरे कोरडे मोजे ठेवा. उतारावर गमबूट टाळावा, कारण तो घोट्याला धरत नाही.

फवारणीला मात्र गमबुटाला पर्याय नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. चामडे आणि कापड औषध पिऊन घेते आणि धुतले तरी ते पूर्ण निघत नाही. पुढच्या वेळी घाम आला की तेच विष पायाला लागते. गमबूट साबणाने धुता येतो. एक चूक मी नेहमी पाहतो. लोक पँट बुटात खोचतात. फवारताना पँट बुटाच्या बाहेर सोडा. खोचली तर अंगावरून ओघळलेले औषध थेट बुटात उतरते आणि पाय दिवसभर त्यात भिजत राहतो. आणि फवारणीचा बूट दुसऱ्या कामाला वापरू नका, घरात तर आणूच नका.

आता सापाचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपले चार मुख्य विषारी साप. शेतातला दंश बहुधा पावलाला, घोट्याला किंवा पोटरीच्या खालच्या भागाला होतो, कारण माणूस अंधारात सापावर किंवा त्याच्या शेजारी पाय देतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज अभ्यासकांनी २०२० साली मांडला, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पंपाची वीज रात्रीची येते. म्हणजे दारे धरायला माणूस रात्री ओल्या गवतात उभा. अशा वेळी घोट्याच्या वर जाणारा बूट आणि त्यावर जाड, सैल पँट असली तर पुष्कळसे दात कापडातच अडकतात. बूट म्हणजे अभयपत्र नव्हे. बॅटरी हवी, काठी हवी, पाय आपटत चालणे हवे. (मण्यार झोपलेल्या माणसाला चावते. तिथे बूट कामाचा नाही, बाजेवर मच्छरदाणी खोचून झोपावे.)

आणि दंश झालाच तर पहिल्यांदा बूट आणि मोजा काढा. बाईमाणूस असेल तर जोडवी, पैंजणही काढा, कारण पाय भराभर सुजतो आणि ही कडी मांसात रुततात. करकचून बांधू नका, ब्लेडने कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पाय न हलवता थेट दवाखान्यात न्या. कनेरगावाचे एक बरे आहे, एका अंगाला हिंगोली आणि पैनगंगेच्या पलीकडे वाशीम, दोन्हीकडे जिल्हा रुग्णालय आहे. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

बूट घालण्यापूर्वी उलटा करून आपटायची सवय लावा. रात्रभर ओसरीवर पडलेल्या बुटात विंचू शिरतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते असे दाखवून दिले आणि पुष्कळांचे प्राण वाचले. पण बूट झटकायला डॉक्टर लागत नाही.

हे सगळे ऐकून झाल्यावर मी त्या पोराला विचारले, 'रात्री पाणी द्यायला एकटा जातोस का?' म्हणाला, 'नाही, घरचीबी येते. ती बॅटरी धरते, मी दारं मोडतो.' 'मग तिच्या पायांत काय असते?' तो गप्प झाला. मग म्हणाला, 'तिला काय लागतंय साहेब, तिला सवय हाय.'

मंडळी, हे वाक्य मी तीस वर्षे ऐकतो आहे. खुरपणी, वेचणी, सोयाबीनची कापणी, हळदीची काढणी, ही पायांची कामे कोण करते? सोयाबीन कापल्यावर उरलेली धसकटे सुरीसारखी असतात. गड्याचा पाय बुटात, आणि तिचा त्या धसकटांवर. तिच्या टाचांच्या भेगांत माती जाते, काटा मोडून आत राहतो, त्याचे कुरूप होते आणि ती सहा महिने लंगडत काम करते. गरोदरपणी धनुर्वाताची लस मिळते, पण पुढची मात्रा घ्यायला किती जणी जातात?

आणखी एक न दिसणारा शत्रू आहे, अंकुशकृमी. जिथे माणसे उघड्यावर बसतात तिथल्या ओल्या मातीत त्याच्या अळ्या असतात. त्या उघड्या पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्यापर्यंत पोचतात आणि तिथे रक्त पितात. बाई फिकी पडते, धाप लागते, घरात म्हणतात कामचुकार झाली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही एके काळी हेच होते. तिथल्या कापसाच्या रानांतली गरीब माणसे आळशी म्हणून हिणवली जात. १९०९ साली रॉकफेलर यांच्या पैशातून एक आयोग नेमून मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगाव औषध दिले, संडास बांधायला लावले आणि पायांत जोडा घालायला शिकवले. आळस नव्हता, जंत होते. आपल्याकडे संडास झाले, पण रानात आडोशालाच जावे लागते, म्हणून पायांत काही हवेच.

आता बायांचे माप. आपल्याकडे रीत अशी की बाई बाजाराला गेली नाही तर नवरा सुतळीने पायाची लांबी मोजून नेतो. सुतळी लांबी सांगते, रुंदी सांगत नाही. त्यापेक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर दोन्ही पाय भार देऊन ठेवायचे आणि पेन्सिल उभी धरून भोवती रेघ ओढायची. तो कागद कापून बुटात सरकवायचा. कडेला दुमडला तर बूट अरुंद, हे दुकानातच कळते. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्यासाठी हा कागद फारच उपयोगी, कारण तळव्याची जाणीव कमी झालेली असते आणि बूट लागतो हे त्यांना कळतच नाही. अशांनी रोज रात्री तळवे दिव्यापाशी धरून पाहावेत, कुठे लाली, कुठे फोड. बारीक फोडाचे पुढे काय होते ते घराघरांत माहीत आहे.

नवे बूट पहिल्याच रात्री जागलीला नेऊ नका. आठवडाभर संध्याकाळी तासभर अंगणात, गोठ्यात घालून फिरा. भिजले तर चुलीपाशी ठेवू नका. आगीने चामडे तडकते आणि तळाचा डिंक सुटतो. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत वाळवा, बोळे एकदोनदा बदला. चामड्याला महिन्यातून एकदा एरंडेलाचा हलका हात फिरवा. थापून लावले तर छिद्रे बुजतात आणि मग ते चामडेही रेक्झिनच्या वळणावर जाते.

त्या दिवशी आम्ही दोघे परत दुकानात गेलो. दुकानदार सज्जन निघाला, बूट घातलेला नसल्याने बदलून दिला. एक नंबर कमी, पण पुढून रुंद. पोराने पायरीवर उभे राहून पाहिले, दोनदा, तीनदा. मग मी गाडी धरली.

परवा तो पुन्हा भेटला. खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली, त्यावर दोन लहान पावले उमटवलेली, डावे उजव्यापेक्षा जरा रुंद. म्हणाला, बायकांच्या मापाचा गमबूट दोन दुकानांत मिळाला नाही, सगळे सात नंबरच्या पुढचे. मी त्याला पोरांच्या शाळेच्या कापडी बुटांत पाहायला सांगितले, चार-पाच नंबर तिथे मिळतो. मिळाला. पण तो घोट्याच्या खाली आहे, रात्रीच्या पाण्याला पुरायचा नाही. तेव्हा गमबुटासाठी तो कागद घेऊन मी येत्या आठवड्यात वाशीमला जाणार आहे. कुणाला लहान मापाचे गमबूट कोणत्या बाजारात मिळाले असतील, तर मला अवश्य कळवा. इथे अशी पावले आणखी पुष्कळ आहेत.